गाड्यांमधलं अंतर आणि रस्त्यावरचा वैताग : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात गाडी चालवणाऱ्याकडे तक्रारींची यादी कायम तयार असते. राँग साइडने येणारा, मागून अप्पर मारणारा, हात दाखवून वळणारा, हातही न दाखवता वळणारा. यांतल्या एकालाही आपण सुधारू शकत नाही. आपल्या बंपरपुढचा रिकामा रस्ता मात्र आपल्याला कमीजास्त करता येतो, म्हणून खालची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतात.

पुढच्या गाडीपासून नेमकं किती अंतर ठेवायचं?

मीटरमध्ये विचारू नका, सेकंदांत विचारा. चालत्या गाडीतून तीस मीटर किती, हे कुणालाच ओळखता येत नाही. पुढची गाडी एखादा विजेचा खांब, पाटी किंवा पुलाची सावली ओलांडून गेली की मोजायला लागा : एक हजार एक, एक हजार दोन. एवढं म्हणून झाल्यावर तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर ठीक. मोजणं अर्धवट असतानाच पोचलात तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, मिरवणुकीत ज्याचा गळा तयार झालाय, त्याने मनातल्या मनात ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ म्हणावं. घाई न करता म्हटलं तर दोन सेकंद भरतात. एकदा घरी घड्याळ लावून आपला वेग तपासून घ्या म्हणजे झालं.

दिवस आहे, रस्ता कोरडा आहे, ब्रेक बरे आहेत, तर दोन सेकंद हे कमीत कमी. हायवेला तीन धरा. पाऊस, रात्र, भरलेली गाडी, गुळगुळीत झालेले टायर यांतलं काहीही असेल तर चार. सेकंदांची सोय ही, की वेग वाढला की अंतर आपोआप वाढतं. ताशी ६० किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे साधारण ३३ मीटर, ८० ला ४४, १०० ला ५६.

माझ्या गाडीचे ब्रेक एकदम टाइट आहेत. मग एवढं अंतर कशाला?

ब्रेक टाइट असतील, पण ते दाबणारा पाय तुमचा आहे. पुढचा लाल दिवा दिसणं, तो डोक्यात शिरणं आणि पाय उचलून ब्रेकवर जाणं, यात दीडेक सेकंद सहज जातो. ताशी ८० च्या वेगात तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाही नसतो. मग करकचून दाबल्यावर कोरड्या डांबरावर आणखी ३५ मीटर. बेरीज ६८. ताशी १०० ला हीच बेरीज ९७ च्या आसपास जाते. वेग सव्वापट झाला, थांबायला लागणारा रस्ता जवळजवळ दीडपट, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं.

ओल्या रस्त्यावर हा ब्रेकनंतरचा भाग पावणेदोनपट होऊ शकतो. त्यातही मृगाची पहिली सर सगळ्यांत वाईट. आपल्याकडे चार महिने रस्ता नुसता भाजत असतो, त्यावर ऑइल, डिझेल आणि धूळ बसलेली असते. पहिल्या पावसात त्याचा पातळ चिखल होतो आणि चौकात दुचाक्या आडव्या होतात. धो धो पाऊस तासभर पडून गेल्यावर रस्ता त्यामानाने बरा असतो.

कुणी म्हणेल, पुढची गाडीही जागच्या जागी थांबत नाही, तिलाही अंतर लागतंच की. बरोबर आहे. म्हणून तर ६८ मीटरऐवजी दोन-तीन सेकंदांवर भागतं. पण ती पुढची गाडी उभ्या ट्रकवर आदळली, तर ती जागच्या जागीच थांबते.

मी अंतर ठेवतो, पण लगेच मध्ये कुणीतरी घुसतो. मग ठेवून फायदा काय?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. घुसतो, हे खरं आहे. घुसला की पाय उचलायचा आणि पुन्हा अंतर करायचं, एवढाच उपाय. हिशेब मांडून बघा : एक गाडी मध्ये आली म्हणजे तुम्ही साधारण दोन सेकंद मागे पडलात. सोलापूर ते टेंभुर्णी वीस जण घुसले तरी नुकसान चाळीस सेकंदांचं. टोलनाक्यावर फास्टॅग स्कॅन न होणारी एक गाडी पुढे असली तर याहून जास्त वेळ जातो, आणि तिथे आपण निमूट उभे राहतोच.

शिवाय घुसणारा तिथे राहायला आलेला नसतो. त्याला पुढच्या फटीत जायचं असतं. आपल्याला राग येतो तो वेळ गेल्याचा नसतो, ‘माझ्यापुढे गेला’ याचा असतो.

मागून एकजण बंपरला चिकटून अप्पर-डिपर मारतोय. काय करू?

आधी आरशात एकदा बघा आणि मग बघणं सोडा. सारखं मागे बघणाऱ्याचं पुढचं लक्ष जातं, आणि तुम्ही पुढच्याला ठोकलंत तर मागच्याने काहीच केलेलं नसतं.

चौपदरी रस्त्यावर असाल तर इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि त्याला जाऊ द्या. मधे डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर असाल तर थोडा वेग कमी करा आणि समोर रस्ता मोकळा असेल तेव्हा त्याला निघायला जागा द्या. तो ओव्हरटेकला निघाल्यावर आपण वेग वाढवणं हा मात्र शुद्ध आगाऊपणा आहे. आपल्याकडे तो फार चालतो.

बाजूला व्हायला जागाच नसेल, तर तुमच्या पुढचं अंतर नेहमीपेक्षा वाढवा. मागच्याकडे थांबायला रस्ता नाही, म्हणून तुमच्याकडे दोघांपुरता हवा. पुढे काही झालं तर तुम्ही हळूहळू ब्रेक लावू शकाल आणि त्याला तुमचा लाल दिवा जरा आधी दिसेल. हे त्याच्यावर उपकार म्हणून करायचं नाही. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेली माणसं त्याच्या बॉनेटच्या सगळ्यांत जवळ असतात.

एकदा जोरात ब्रेक मारून त्याला धडा शिकवला तर?

नको. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत मागच्याने पुरेसं अंतर ठेवावं असं आहे, तसंच सुरक्षेसाठी गरज नसताना एकदम ब्रेक मारू नये असंही आहे. आणि मागे असलेला ट्रक खडीने भरलेला असेल तर धडा कोण शिकेल, ते उघड आहे.

मागून ठोकलं म्हणजे चूक नेहमी मागच्याचीच, असं असतं का?

बहुतेक वेळा, पण नेहमी नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २०१८ च्या एका प्रकरणात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला आणि मागची मोटार त्यावर आदळली. मोटार ट्रकच्या मागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवर चालत होती. न्यायालयाने चूक मोटार चालवणाऱ्याची धरली, कारण पुरेसं अंतर ठेवण्याची जबाबदारी त्याची होती.

जुलै २०२५ च्या निकालात गोष्ट उलट होती. कोइमतूरजवळ २०१७ मध्ये हायवेवर एका मोटारवाल्याने कसलाही इशारा न देता मध्येच गाडी थांबवली. मागचा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून पडला आणि त्याच्या मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली. पत्नी गरोदर आहे, तिला मळमळत होतं, असं मोटारवाल्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते कारण मान्य केलं नाही. मोटारीकडे ५० टक्के, बसकडे ३० टक्के आणि अंतर न ठेवल्याबद्दल दुचाकीस्वाराकडे २० टक्के जबाबदारी दिली. पाय गमावलेल्या माणसाची भरपाई त्या प्रमाणात कमी झाली.

तेव्हा हायवेला कुणाला उलटी होतेय, फोन आलाय, लांबोटीचा चिवडा घ्यायचा राहिलाय, तर आधी आरसा, मग इंडिकेटर, मग डावीकडे रस्त्याच्या खाली. थांबणं सगळ्यांत शेवटी.

हे सगळं हायवेला ठीक. सात रस्ता, नवी पेठ, विजापूर रोड इथे दोन सेकंद कसे ठेवणार?

संध्याकाळी सातला नवी पेठेत कुणी दोन सेकंदांचं अंतर ठेवू शकत नाही, आणि ताशी दहाच्या वेगात तशी गरजही नाही. चालू रहदारीत २५-३० चा वेग असेल तर मात्र लागतं, कारण शहरातल्या गाड्या ब्रेक लावण्याआधी विचार करत नाहीत. शेअर रिक्षाचं उदाहरण घ्या. रस्त्याच्या कडेला कुणी नुसता डोक्यावरचा पदर सारखा करायला हात वर केला तरी रिक्षा थांबते. रिक्षाच्या मागे असाल तर रिक्षाकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या माणसांकडे बघा, रिक्षा कुठे थांबणार ते तुम्हाला तिच्याआधी कळेल.

सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात तो भाग तुम्हाला सीटवरून दिसला पाहिजे. तेवढी जागा असली की पुढची गाडी बंद पडली तरी बाजूने निघता येतं, आणि चढावर ती थोडी मागे सरकली तरी दिवा फुटत नाही. या जागेत दुचाक्या येऊन उभ्या राहतील. राहू द्या.

सिग्नलचा उलटा मोजणारा आकडा तीनवर आला की हॉर्न वाजवायला सुरुवात करणाऱ्यांबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही. पुढच्यालाही आकडा दिसत असतो, हे त्यांना कोण सांगणार? विनाकारण हॉर्नसाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९४ फ आहे, पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये. ते लागल्याचं ऐकिवात येत नाही.

गळीत हंगामात रात्री ऊसाच्या ट्रॉल्यांची फार भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

वाटायलाच हवी. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला नंबर लागतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठल्याही बाजूला गेलात तरी एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या हे दृश्य ठरलेलं.

आकडे बघा. डिपरवर दिवा असताना बिनदिव्याची वस्तू आपल्याला साधारण ४० मीटरवर नीट दिसते. तुम्ही ताशी ८० ने, ट्रॉली १५ ने. म्हणजे दोघांतलं अंतर दर सेकंदाला १८ मीटरने कमी होतंय. ४० मीटर संपायला सव्वादोन सेकंदही लागत नाहीत, आणि त्यातला दीड सेकंद पाय ब्रेकवर जाण्यात गेला. उरलेल्या पाऊण सेकंदात गाडी थांबत नाही, फार तर स्टेअरिंग वळतं आणि गाडी डिव्हायडरवर जाते.

ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर असतो, नसतो असं नाही. पण ऊस मागे दोन-दोन हात बाहेर आलेला असतो, त्याचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, खाली लोंबत असतं आणि लाल पट्टी नेमकी त्याच्या आड जाते. उरलेल्यावर शेतातला चिखल. आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने चालू असतात, की तुमचा हॉर्न चालकाला ऐकू जाण्याचा प्रश्नच नाही.

रस्ता वाचायला शिका, तो आधी सांगतो. डांबरावर पाचट आणि चिरडलेले ऊस दिसायला लागले की पुढे ट्रॉली आहे असं समजा. समोरच्या वाहनाच्या उजेडात एखादा मोठा काळा चौकोन दिसला आणि त्यात दिवे नसले तरी तेच. अशा पट्ट्यात रात्री ६० च्या वर जाऊ नका. पुढे दुसरी मोटार असेल तर तिच्यामागे तीन-चार सेकंदांवर राहा, तिच्या दिव्यांचा तुम्हाला फायदा होतो. मात्र ती अचानक बाजूला झाली, तर ट्रॉली तुमच्याच वाट्याला येते. चिकटून असाल तर तेव्हा काहीच करता येत नाही.

ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरा. कारखान्याच्या फाट्यावर तर करूच नका. वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूला येते आणि तिथे तुम्ही असता.

आणखी एक गोष्ट. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला मोठे दगड लावतात. काम झालं की ट्रॅक्टर निघून जातो, दगड रस्त्यावरच राहतात. दुचाकीवाल्यांना ट्रॉलीइतकेच हे दगड महागात पडतात. दिसला आणि मागे कुणी नसेल तर थांबून ढकलून द्या.

ट्रक उजव्या लेनमधून हटतच नाहीत. डावीकडून काढावं का?

नियम असा की सावकाश जाणाऱ्याने डावीकडे राहायचं आणि ओव्हरटेक उजवीकडून करायचा. ट्रकवाल्यांना विचारलं तर त्यांचंही उत्तर तयार असतं : डाव्या लेनमध्ये ढाब्यासमोर उभे ट्रक, उलटे येणारे दुचाकीवाले, ट्रॅक्टर, आणि दबलेला रस्ता. उत्तर खोटं नाही. पण ज्या कारणांमुळे ट्रक डावीकडे येत नाही, तीच कारणं डावीकडून काढताना तुमच्यासमोर उभी ठाकणार असतात, हे लक्षात घ्या. मागे राहून एकदा हॉर्न, एकदा डिपर, आणि थांबा. बहुतेक जण देतात साइड.

ट्रकच्या मागे राहताना त्याचे बाजूचे आरसे तुम्हाला दिसले पाहिजेत. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

राँग साइडने येणाऱ्यांचं काय करायचं?

बहुतेक वेळा कारण एकच असतं : डिव्हायडरमधला कट दीड-दोन किलोमीटर लांब आणि शेत, ढाबा किंवा पेट्रोल पंप समोरच. कारण समजतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली उलट दिशेने वाहन चालवणं धोकादायक वाहनचालनात मोजलं जातं, आणि पहिल्या गुन्ह्यालाही तुरुंगवासाची तरतूद आहे.

तुमच्यापुरतं : बाळे, कोंडी, पाकणी अशा वस्तीच्या आणि एमआयडीसीच्या पट्ट्यात, कामाची पाळी सुटायच्या वेळी, अगदी डाव्या कडेला चिकटून वेगात जाऊ नका. उलटा येणारा तिथेच असतो. पुढे मोठं वाहन असेल तर त्याच्यामागे जास्त अंतर ठेवा, म्हणजे ते बाजूला सरकलं की उलटा आलेला तुम्हाला वेळेत दिसेल.

चौकात सरळ जायचं असताना चारही इंडिकेटर लावावेत का?

नाही. बाजूने येणाऱ्याला तुमचा एकच इंडिकेटर दिसतो आणि तो तुम्ही वळणार असं समजतो. ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. पावसात चालत्या गाडीलाही नकोत.

समोरून अप्पर मारत येणाऱ्याला आपणही अप्पर मारावा का?

एकदा डिपर देऊन आठवण करा. ऐकलं नाही तर नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या रेषेवर ठेवा आणि वेग कमी करा. दोघांनाही दिसत नसण्यापेक्षा एकाला दिसलेलं बरं.

दुचाकीला हाच नियम लागू होतो का?

लागू होतो, उलट जास्तच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. पण एबीएसमुळे चाक लॉक होत नाही, हँडल हातात राहतं. गाडी कमी अंतरात थांबेलच असं नाही. वाळू आणि खडीवर तर नाहीच. जुन्या गाडीवर नुसता मागचा ब्रेक दाबायची सवय असेल तर मोडा, थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. एसटीच्या मागे थेट मधोमध चालू नका, तिच्या चाकांमधून सुटलेला खड्डा तुम्हाला शेवटच्या क्षणी दिसतो.

कोजागिरीला तुळजापूर रस्त्याने जायचं असेल तर?

शक्यतो जाऊच नका. त्या दिवसांत लाखो भाविक सोलापुरातून पायी तुळजापूरला निघतात, रस्ता वाहनांसाठी बंद करून वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवतात. पोलिसांची सूचना आधी निघते, ती बघून ठरवा. आषाढीला पंढरपूरच्या बाजूलाही तसंच. बंद नसलेल्या रस्त्यावर पहाटे चालणारे लोक भेटतात. दिंडीच्या मागे असाल तर हॉर्न न वाजवता चालण्याच्या वेगाने जा, टाळांच्या आवाजात तुमचा हॉर्न कुणालाही नीट कळत नाही आणि माणसं दचकून नेमकी गाडीपुढे येतात.

शेजारी बसलेले मामा सारखे ‘काढ की पुढं, काय बैलगाडी चालवायलास’ म्हणतात. त्यांना काय सांगू?

काही सांगू नका. पुढच्या खांबावर मोजायचं काम त्यांना द्या. मोजणारा माणूस बोलत नाही, आणि थोड्या वेळाने तेच ‘जरा मागं राहा’ म्हणायला लागतात.

अपघात दिसला तर थांबलं की पोलिसांच्या मागे लागतं, हे खरं का?

जुनी भीती आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आपली गाडी अपघाताच्या जागेपासून बरीच पुढे, रस्त्याच्या खाली घ्या, आणि कुणाला तरी मागे पाठवून येणाऱ्या गाड्यांना हात करायला लावा. दुसरी टक्कर बऱ्याचदा बघायला थांबलेल्यांना बसते.

डॅशकॅम लावावा का?

लावा. चूक कुणाची यावर वाद झाला तर उपयोगी पडतो, आणि आपणच पुढच्याला किती चिकटून चालवतो तेही घरी बसून बघता येतं. घेताना बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला घ्या. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची काच इतकी तापते की साध्या बॅटऱ्या फुगतात. लावल्यावर त्यातली तारीख आणि वेळ बरोबर करून घ्या.